कामावरच्या व्हिडिओला टिपणं कशी जोडायची: तयारी, क्रम आणि नेहमी होणाऱ्या चुका

लेबल प्रिंटरची रिबन संपली आहे. ती बदलता येणारा एकच माणूस आहे आणि तो आज रजेवर आहे. "त्यानं व्हिडिओ करून ठेवलाय की," असं कुणाला तरी आठवतं. व्हिडिओ सापडतो, तोही बावीस मिनिटांचा. त्यात दोन हात दिसतात, झाकण उघडतं, काहीतरी फिरवलं जातं, झाकण बंद होतं. बघणारा तीनदा मागेपुढे करतो, वैतागतो आणि शेवटी रजेवरच्या माणसाला फोन लावतो.

ज्या व्हिडिओमुळे हा फोन टळत नाही तो फुकट गेला, असं मी धरतो. चित्रीकरण बरं नसल्यामुळे असे व्हिडिओ क्वचितच वाया जातात. बहुतेक वेळा त्यांना टिपणं नसतात, किंवा असतात ती चुकीच्या गोष्टींवर, चुकीच्या क्रमानं लिहिलेली असतात.

टिपण म्हणजे व्हिडिओतल्या ठरावीक क्षणाला जोडलेला मजकूर, बाण, वर्तुळ, प्रश्न किंवा लिंक. हा लेख काम करता करता होणाऱ्या शिक्षणापुरता आहे. त्यात वर्ग नसतो, परीक्षा नसते, प्रमाणपत्र नसतं. काम अडलं म्हणून माणूस बघायला येतो आणि अडलेलं सुटलं की बंद करून जातो. त्यामुळे प्रशिक्षणाच्या कोर्समध्ये शोभणाऱ्या अनेक गोष्टी इथे अडगळ ठरतात: स्वागताचं भाषण, संगीत, उद्दिष्टांची यादी.

उदाहरण शक्यतो एकच घेतलंय, रिबन लागणाऱ्या लेबल प्रिंटरचं. ते पुरलं नाही तिथे संगणकाच्या पडद्यावरचं एक काम घेतलंय.

## टप्पा १: आधी प्रश्न गोळा करा, कॅमेरा नंतर काढा

सगळ्यात मोठी घाई इथेच होते. कुणीतरी म्हणतं, "चला, प्रिंटरचा व्हिडिओ करू," आणि तासाभरात चित्रीकरण उरकतं. प्रिंटरबद्दल लोकांना नेमकं काय अडतं, हे कुणी विचारलेलंच नसतं.

दोन आठवडे एक वही त्या जागेपाशी ठेवा. कुणी, कुणाला, काय विचारलं ते विचारणाऱ्याच्याच शब्दांत लिहा. "रिबन बसवण्याची पद्धत" असं गुळगुळीत करून लिहू नका. वहीत असं काही दिसायला हवं:

- शाईची बाजू वर की खाली?
- रिबन लावली, पण लेबल कोरंच बाहेर येतंय.
- छपाईत तिरप्या पांढऱ्या रेघा का येतात?
- रोल बदलल्यापासून मजकूर दोन लेबलांच्या मध्ये छापतोय.

हेच शब्द पुढे व्हिडिओचं नाव होतात, शोधताना उपयोगी पडतात आणि मशीनवरच्या चिठ्ठीवरही लागतात. म्हणून वहीतली भाषा सुधारायच्या मोहात पडू नका.

यातल्या प्रत्येक प्रश्नासाठी व्हिडिओ करायचा नसतो. रोज होणारं काम चार दिवसांत हातात बसतं. वर्षातून एकदा येणारं काम बहुतेक वेळा दुरुस्तीवाल्याला बोलावून करून घेणं बरं. व्हिडिओचा खरा फायदा मधल्या कामांना होतो, जी महिन्या-दोन महिन्यांनी येतात आणि तोवर विसरलेली असतात. शिवाय उत्तर डोळ्यांनी बघण्यासारखं असावं लागतं. लेबलाची लांबी किती ठेवायची, याचं उत्तर एक आकडा आहे. त्याला मशीनवरची चिठ्ठी पुरते, व्हिडिओ कशाला?

तपासा: प्रत्येक व्हिडिओसाठी एक वाक्य लिहा: "हे बघून माणूस अमुक करू शकेल." वाक्यात दोन क्रियापदं आली तर ते दोन व्हिडिओ आहेत.

## टप्पा २: परवानगी घ्या आणि चौकटीची झाडाझडती करा

ज्याचे हात किंवा आवाज येणार, त्याची परवानगी लेखी घ्या आणि तयार व्हिडिओ सगळ्यांत आधी त्यालाच दाखवा. यापेक्षाही महत्त्वाची गोष्ट म्हणजे हा व्हिडिओ त्याच्या कामाच्या मूल्यमापनासाठी वापरला जाणार नाही, असं वरिष्ठांकडून आधी वदवून घ्या. वरिष्ठ तसं म्हणायला तयार नसतील तर चित्रीकरण करू नका. आपली तपासणी चालली आहे असं वाटलं की माणूस पुस्तकात लिहिल्यासारखं काम करतो, आणि त्याच्या ज्या बारीकसारीक युक्त्यांसाठी तुम्ही कॅमेरा लावलात त्या नेमक्या गायब होतात.

मग चौकट, म्हणजे कॅमेऱ्यात जे जे दिसणार ते, बघा. मागच्या भिंतीवर पासवर्डची चिठ्ठी आहे का? छापलेल्या लेबलांवर खऱ्या ग्राहकाचं नाव-पत्ता आहे का? पडद्याचं रेकॉर्डिंग असेल तर नमुन्यादाखल बनावट माहिती भरलेलं वेगळं खातं वापरा आणि येणारे संदेश बंद ठेवा. फोनच्या व्हिडिओत जागेचे अक्षांश-रेखांशही साठवलेले असू शकतात. कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये ते बंद करता येतं.

"नंतर धूसर करू" यावर विसंबू नका. चौकोन पाडून धूसर केलेले आकडे कधीकधी ओळखता येतात. झाकायचंच असेल तर भरीव पट्टी लावा, आणि ती व्हिडिओ नव्यानं तयार करताना चित्रातच उतरवा. प्लेअरमध्ये वरून ठेवलेल्या पट्टीखाली मूळ चित्र तसंच राहतं.

सावधान: फिरते भाग, उष्णता, वीज किंवा रसायन यांच्याशी संबंध असलेल्या कामात मंजूर लेखी कार्यपद्धतीच मुख्य धरायची. व्हिडिओ तिला पूरक असतो, पर्याय नसतो. अनुभवी माणूस सवयीनं एखादं संरक्षक झाकण न लावता काम करत असेल तर तो तुकडा ठेवू नका. "असं करू नका" असं टिपण जोडूनही ठेवू नका. बघणाऱ्याच्या लक्षात हात राहतात, मजकूर विसरला जातो.

## टप्पा ३: टिपणांना जागा राहील असं चित्रीकरण करा

कॅमेरा काम करणाऱ्याच्या नजरेतून लावा, म्हणजे खांद्यावरून किंवा छातीवर बांधून. समोरून घेतलं की डावं-उजवं उलटं होतं, आणि बघणारा मनातल्या मनात चित्र फिरवत बसतो. विद्युत परिपथ जुळवण्याच्या कामावर लोगन फिओरेला, रिचर्ड मेयर आणि सहकाऱ्यांनी केलेल्या प्रयोगांत (२०१७) करणाऱ्याच्या नजरेतून घेतलेला व्हिडिओ बघणाऱ्यांना ते काम जास्त चांगलं जमलं. तुमचं काम वेगळं असेल, पण अडचण तीच आहे.

फोन आडवा आणि घट्ट बसवलेला असू द्या. हातात धरलेल्या फोनचं चित्र हलतं, आणि मग बाण एका जागी ठेवला तरी ज्या भागाकडे तो दाखवतो तो भाग सरकत राहतो. दिव्यांमुळे चित्रात पट्टे फिरत असतील तर शटरचा वेग विजेच्या वारंवारितेशी जुळवा: ५० हर्ट्झच्या विजेवर १/५० किंवा १/१०० सेकंद, ६० हर्ट्झवर १/६० किंवा १/१२०.

आता तीन गोष्टी, ज्या जवळजवळ कुणीच करत नाही.

पहिली, प्रत्येक महत्त्वाच्या कृतीच्या आधी आणि नंतर हात दोन सेकंद थांबवायला सांगा. टिपण तिथेच बसतं. सलग फिरणाऱ्या हातांवर टिपण टाकलं तर बघणारा एकतर मजकूर वाचतो किंवा हात बघतो.

दुसरी, काम करणाऱ्याला सतत बोलायला लावू नका. हात गुंतलेले असताना माणूस फक्त दिसतंय तेच बोलतो: "आता झाकण उघडतो, आता हे काढतो." त्याचा काही उपयोग नाही. त्याला काम करू द्या, कारणं पुढे पाचव्या टप्प्यात विचारू.

तिसरी, चूक मुद्दाम करून तिचं चित्रीकरण करा. रिबन उलटी लावा, छापा आणि कोरं लेबल बाहेर येताना दाखवा. रिबन ढिली ठेवा आणि तिरप्या रेघा दाखवा. वहीतले निम्मे प्रश्न "असं का होतंय" या जातीचे असतात, आणि आपल्याला दिसतंय तेच पडद्यावर दिसल्याशिवाय माणसाची खात्री पटत नाही. चुकीचा तुकडा वेगळ्या व्हिडिओत ठेवा आणि त्यात "ही चूक आहे" ही पट्टी सुरुवातीपासून शेवटपर्यंत राहू द्या. इथे मी सुरक्षेच्या चुका धरत नाही. त्यांचं काय करायचं ते वर सांगितलंच आहे.

सावधान: बरेचसे फोन सेकंदाला ठरावीक चौकटी (फ्रेम, म्हणजे व्हिडिओतली एकेक चित्रं) घेत नाहीत, प्रकाश बदलला की संख्या कमी-जास्त होते. अशी फाइल तशीच वापरली तर संपादनात आवाज किंवा टिपणं हळूहळू मागेपुढे सरकतात. पुढचं काही करण्याआधी हँडब्रेकसारख्या फुकट सॉफ्टवेअरमधून ती एकसमान चौकटदराची करून घ्या.

## टप्पा ४: आधी कापा, मग कुलूप लावा

क्रम सगळ्यात जास्त इथे मोडतो. लोक उत्साहात टिपणं लिहून मोकळे होतात, आणि मग कुणीतरी म्हणतं, "सुरुवातीचे बारा सेकंद उगाच आहेत, काढा ते." बारा सेकंद काढले की पुढची सगळी टिपणं बारा सेकंद उशिरा येतात. "इथे हात लावू नका" हा इशारा हात लावून झाल्यावर उमटतो. इशारा नसण्यापेक्षाही हे वाईट.

म्हणून क्रम असा: कच्चा व्हिडिओ, एकसमान चौकटदर, कापणी, कापणी संपल्याची दोघांची संमती, आणि मग फाइलच्या नावात तारीख व आवृत्ती. त्यानंतर व्हिडिओला हात लावायचा नाही. नाइलाज झालाच तर सबटायटल एडिटसारख्या सॉफ्टवेअरमध्ये सगळ्या वेळा एकदम सरकवता येतात. मात्र तुकडा मधून कापला असेल तर फक्त त्याच्यानंतरच्या वेळा सरकवायच्या असतात. मी हे विसरलोय, आणि चाळीस टिपणं हातानं जागेवर आणली आहेत.

लांबी किती असावी? एका प्रश्नाला एक तुकडा. माझे बहुतेक तुकडे एक ते तीन मिनिटांत संपतात. मोठं रेकॉर्डिंग तोडता येत नसेल तर त्यात प्रकरणं पाडा. यूट्यूबवर वर्णनात वेळा लिहून ती पाडता येतात, पण त्यासाठी पहिली वेळ शून्य असावी लागते, निदान तीन वेळा चढत्या क्रमानं लागतात आणि प्रत्येक प्रकरण किमान १० सेकंदांचं असावं लागतं. यातलं एक जरी चुकलं तरी प्रकरणं दिसत नाहीत, आणि लोक "आमच्याकडे ही सोयच नाही" म्हणून सोडून देतात.

## टप्पा ५: जाणत्या माणसाला शेजारी बसवून विचारा

घाईत हा टप्पा गाळला जातो. टिपणं एकट्यानं बसून लिहिली जातात, आणि मग त्यात कॅमेऱ्याला जे दिसलं तेच पुन्हा शब्दांत येतं.

कापलेला व्हिडिओ ज्यानं काम केलं त्याच्यासोबत बघा, शक्यतो चित्रीकरणानंतर एक-दोन दिवसांत. हात थांबला, वेग बदलला, मान वळली, बोट कुठेतरी उगाच टेकलं, की लगेच व्हिडिओ थांबवा आणि विचारा. पण "हे का केलंत?" असं विचारू नका. त्याचं उत्तर "तसंच करायचं असतं" हेच येतं. असे प्रश्न विचारून बघा:

- इथे तुम्ही काय बघितलंत?
- हे चुकलं असतं तर तुम्हाला कशावरून कळलं असतं?
- नवा माणूस या जागी काय करतो?
- काही ऐकू आलं का? हाताला काही जाणवलं का?

प्रिंटरच्या व्हिडिओत असंच झालं. रिबन चढवल्यावर अंगठा अर्धा सेकंद तिच्यावर टेकला होता. मला ती लकब वाटली. विचारल्यावर उत्तर आलं, "ताण बघितला. ढिली राहिली की सुरकुती पडते, आणि सुरकुती पडली की छपाईत तिरपी पांढरी रेघ." त्याच्या आधी त्यानं एक लेबल सोलून रिबनवर चिकटवून ओढलं होतं. मी ते कापून टाकायच्या बेतात होतो. ती शाईची बाजू ओळखायची कसोटी होती: चिकट बाजूला शाई उतरली की तीच शाईची बाजू. आणि प्रिंटहेड (रिबनवरची शाई उष्णतेनं लेबलावर उतरवणारा भाग) पुसायच्या आधी तो नुसताच उभा होता, कारण नुकती छपाई झालेली असताना प्रिंटहेड तापलेलं असतं.

वहीतल्या चारपैकी दोन प्रश्नांची उत्तरं त्या अर्ध्या-अर्ध्या सेकंदांत होती. काम करणाऱ्यालाही ती आपण होऊन सांगावीशी वाटली नव्हती. हात सरावले की त्या गोष्टी त्याच्या लेखी "पायऱ्या" राहतच नाहीत.

कागदावर चार रकाने आखा: वेळ, काय दिसतं, काय दिसत नाही, चुकल्याची खूण. तिसरा आणि चौथा रकाना म्हणजे तुमची टिपणं. दुसरा फक्त जागा सापडावी म्हणून आहे.

तपासा: तिसरा रकाना अर्ध्याहून जास्त रिकामा असेल तर एकतर प्रश्न नीट विचारले गेले नाहीत, किंवा या कामाला टिपणांची गरजच नाही. दुसरी शक्यताही मान्य करा.

## टप्पा ६: टिपणं लिहा

नियम एकच: डोळ्यांना दिसतंय ते लिहू नका. "झाकण उघडा" हे टिपण झाकण उघडत असताना दाखवलं तर त्यानं फक्त जागा अडवली. लिहायचं ते कारण, कसोटी, इशारा, किंवा नजर कुठे ठेवायची ती खूण.

हाताखालून गेलेली काही टिपणं, आधीची आणि दुरुस्त केलेली:

- आधी: "आता रिबन योग्य बाजूनं लावा." नंतर: "शाईची बाजू लेबलाकडे. खात्री नसेल तर लेबलाची चिकट बाजू रिबनला लावून ओढा."
- आधी: "रिबन व्यवस्थित ताणा." नंतर: "सगळ्या सुरकुत्या जाईपर्यंत रिकाम्या नळीचं चाक फिरवा."
- आधी: "प्रिंटहेड काळजीपूर्वक स्वच्छ करा." नंतर: "आधी थंड होऊ द्या. आयसोप्रोपाइल अल्कोहोल आणि मऊ कापड. चाकू, टाचणी, पट्टी लावू नका."

"योग्य", "व्यवस्थित", "नीट", "काळजीपूर्वक" हे शब्द शोधून काढा. प्रत्येकाच्या जागी जे दिसतं, ऐकू येतं किंवा मोजता येतं ते लिहा. तसं काही सापडत नसेल तर पाचव्या टप्प्यावर परत जा.

पडद्यावरच्या कामात हा नियम आणखी कडक पाळावा लागतो, कारण तिथे चूक त्या क्षणी दिसतच नाही. स्वल्पविरामांनी तोडलेली डेटाची फाइल कुणी एक्सेलमध्ये थेट उघडली तर सगळं ठीकठाक उघडतं, पण वस्तूंच्या कोडमधली सुरुवातीची शून्यं गळतात. दोन दिवसांनी कुणीतरी म्हणतं, "००४७ सापडत नाहीये." व्हिडिओत हे दिसणार कसं? तिथे टिपण हवं: "थेट उघडू नका. आयात करा आणि कोडचा रकाना मजकूर म्हणून निवडा, नाहीतर सुरुवातीची शून्यं जातील."

वेळ: इशारा कृतीच्या दोन-तीन सेकंद आधी यावा, कारण तो वाचून व्हायला हवा. बाण त्या क्षणी यावा. कसोटी कृतीनंतर यावी. तिन्ही एकाच सेकंदाला टाकणं ही नेहमीची चूक.

लांबी आणि जागा: एका वेळी एकच टिपण, जास्तीत जास्त दोन ओळी. मजकूर भागाच्या जवळ ठेवा, त्याच्यावर नको. जास्त सांगायचं असेल तर चित्र गोठवा किंवा व्हिडिओ तिथे आपोआप थांबेल असं करा. एचफाइव्हपी (H5P) या साधनानं केलेल्या परस्परसंवादी व्हिडिओत ती सोय आहे. पडद्यावर लिहिलेलं वाक्य आवाजात पुन्हा वाचून दाखवू नका. दोन्ही एकदम आले की डोळे मजकुरावर अडकतात आणि हात बघायचे राहतात. गोंगाटाच्या जागी आवाज ऐकूच येणार नसेल किंवा एखाद्याला ऐकू येत नसेल, तर बोललेल्या भागाच्या उपशीर्षकांची वेगळी फाइल द्या. ती हवी त्यानं चालू करावी.

रंग: "लाल बाण चूक, हिरवा बरोबर" एवढ्यावर सोडू नका. लाल-हिरव्यातला फरक न दिसणारे लोक प्रत्येक मोठ्या गटात असतात. बाणाला आकडा किंवा शब्द द्या. मजकूर आणि पार्श्वभूमी यांच्या उजळपणाचं गुणोत्तर किमान ४.५ : १ असावं, असं वेब-सुलभतेचे नियम सांगतात. पांढऱ्या मजकुरामागे गडद पट्टी दिली की ते सहज साधतं.

आणि प्रश्नमंजूषा नको. अडलेल्या माणसाला मध्येच "वरीलपैकी कोणता पर्याय बरोबर?" असं विचारलं की तो व्हिडिओ बंद करून कुणाला तरी फोन लावतो.

### मजकूर चित्रात उतरवायचा की वेगळा ठेवायचा?

बाण आणि वर्तुळं चित्रात उतरवली तरी चालतात, ती फारशी बदलत नाहीत. शब्द मात्र वेगळ्या फाइलमध्ये ठेवा. एका शब्दाची दुरुस्ती करण्यासाठी अख्खा व्हिडिओ नव्यानं तयार करावा लागला तर ती दुरुस्ती कुणी करत नाही. एसआरटी किंवा वेबव्हीटीटी या उपशीर्षकांच्या साध्या मजकूर-फाइली बहुतेक ठिकाणी चालतात.

मराठीत लिहिताना तीन गोष्टी हमखास चुकतात. फाइल यूटीएफ-८ (UTF-8, सगळ्या लिप्यांची अक्षरं साठवण्याची पद्धत) मध्ये साठवली नाही तर अक्षरांच्या जागी चौकोन किंवा कचरा दिसतो. वेळेच्या ओळीत देवनागरी अंक चालत नाहीत, तिथे इंग्रजी अंकच लागतात. आणि सेकंद व मिलिसेकंद यांच्यामध्ये एसआरटीत स्वल्पविराम असतो, वेबव्हीटीटीत टिंब. एकाची फाइल नुसतं नाव बदलून दुसऱ्यात वापरली की टिपणं दिसतच नाहीत, आणि दोष प्लेअरला दिला जातो.

सावधान: टिपणांची एक प्रत कायम तुमच्याकडे ठेवा. यूट्यूबवर पूर्वी व्हिडिओवर चौकटी टाकायची सोय होती. २०१७ मध्ये ती वापरून नवी टिपणं करणं बंद झालं, आणि १५ जानेवारी २०१९ पासून जुनी टिपणंही दिसेनाशी झाली. ज्यांचा मजकूर फक्त तिथेच होता त्यांचे बाणही गेले आणि शब्दही.

## टप्पा ७: ज्याला काम येत नाही त्याच्यावर चालवून बघा

हे काम कधीही न केलेला माणूस, खरं मशीन, व्हिडिओ आणि तुम्ही. तुमचं काम गप्प बसण्याचं. पहिल्या चाचणीत मी बोललो नाही, पण मान डोलावत होतो. समोरचा माणूस प्रिंटरकडे कमी आणि माझ्या मानेकडे जास्त बघत होता. तेव्हापासून मी त्याच्या मागे उभा राहतो.

तो कुठे थांबला, कुठे मागे गेला, कुठे मान वळवून तुमच्याकडे बघितलं, त्या वेळा टिपून घ्या. वळलेली प्रत्येक मान म्हणजे एक राहून गेलेलं टिपण. उलट, जे टिपण वाचायला तो थांबलाच नाही आणि तरी काम बरोबर झालं, ते काढून टाकायचा विचार करा. दोन-तीन माणसांवर हे केलं की पुरतं.

तपासा: चाचणी त्याच जागी, फोनच्या छोट्या पडद्यावर, आवाज बंद ठेवून आणि कामाचे हातमोजे असतील तर ते घालून करा. टेबलावरच्या मोठ्या पडद्यावर सगळेच व्हिडिओ चांगले दिसतात.

## टप्पा ८: अडतं तिथेच ठेवा

फोल्डरमधल्या फोल्डरमध्ये ठेवलेला व्हिडिओ नसल्यातच जमा. मशीनवर क्यूआर कोड लावा, पण एकच कोड लावून थांबू नका. वहीतल्या प्रत्येक प्रश्नाला स्वतंत्र कोड द्या. बहुतेक सेवांमध्ये लिंकला सुरुवातीची वेळ जोडता येते, म्हणजे कोड स्कॅन केल्यावर व्हिडिओ नेमक्या त्या सेकंदापासून सुरू होतो. कोडखाली तो प्रश्न लोकांच्याच शब्दांत लिहा: "लेबल कोरं येतंय?"

कोडमध्ये व्हिडिओचा थेट पत्ता घालू नका. तुमच्या ताब्यातला, पुढे वळवणारा छोटा पत्ता घाला. उद्या नवा व्हिडिओ आला तर पत्ता आतून बदलायचा, चिकटवलेला कोड तसाच राहतो. कोडच्या चारही बाजूंना त्याच्या चार ठिपक्यांइतकी कोरी जागा सोडा. धूळ-तेलाची जागा असेल तर कोड तयार करताना चूक-दुरुस्तीची (एरर करेक्शन) सर्वांत वरची पातळी निवडा. तिच्यात साधारण ३० टक्के भाग खराब झाला तरी कोड वाचता येतो.

लॉगिन, मग पासवर्ड, मग कोर्स निवडा, मग "सुरू करा" असा रस्ता ठेवला तर कुणी येणार नाही. आतल्या माहितीमुळे लॉगिन ठेवावंच लागत असेल तर फोनवर ते एकदाच विचारलं जाईल असं बघा. नेटवर्क पोचत नसेल तर त्या जागेच्या टॅबलेटवर प्रत उतरवून ठेवा. आणि कुणी किती वेळा बघितलं याची यादी हजेरीसारखी वापरू नका. तेच काम पाचव्यांदा बघणाऱ्याला लाज वाटली, की तो बघणं सोडून अंदाजानं काम करायला लागतो.

## टप्पा ९: बघणाऱ्यांची टिपणं आणि देखभाल

बघणाऱ्यांना त्या-त्या क्षणी लिहिता आलं पाहिजे. "०१:३५ ला चाक कुठल्या दिशेनं फिरवलं ते दिसत नाही" ही सूचना तुमच्या दहा बैठकांना भारी पडेल. पण हे सगळं बघायला एकच माणूस नेमा आणि त्याचं नाव व्हिडिओखाली लिहा. "सगळ्यांनी मिळून बघू" म्हटलं की कुणीच बघत नाही. आठवड्याला पंधरा मिनिटं पुरतात.

आलेल्या मजकुराचं काय करायचं ते आधीच ठरवा. प्रश्न आला तर नुसतं खाली उत्तर देऊ नका. त्या सेकंदाचं मूळ टिपण दुरुस्त करा आणि विचारणाऱ्याला तसं कळवा. कुणी नवी युक्ती सांगितली तर जाणत्या माणसाकडून मशीनवर करून घ्या, जमली तर मुख्य टिपणात घाला. दोन अनुभवी माणसांची पद्धत वेगळी निघाली तर भांडण मिटवायच्या भानगडीत पडू नका. दोन्ही चालत असतील तर दोन्ही लिहा, कोणती केव्हा वापरायची यासकट. सुरक्षेशी संबंधित सूचना मात्र तपासून होईपर्यंत दिसू देऊ नका.

प्रत्येक व्हिडिओवर दोन गोष्टी ठळक लिहा: कोणत्या मॉडेलसाठी किंवा सॉफ्टवेअरच्या कोणत्या आवृत्तीसाठी, आणि शेवटचा कधी तपासला. मशीन बदललं, आवृत्ती बदलली, एखादं बटण दुसरीकडे गेलं, की तपासणी लगेच, पुढच्या ठरलेल्या तारखेची वाट बघायची नाही. नवा व्हिडिओ चढवला की जुना त्याच दिवशी उतरवा. जुना "संदर्भासाठी" राहू दिला तर शोधात तोच आधी सापडतो, कारण त्याच्यावर जास्त लोक येऊन गेलेले असतात.

पहिल्या टप्प्यातली वही मशीनपाशीच राहू द्या. महिन्याभरानं ती उघडा. "शाईची बाजू कुठली" हा प्रश्न अजूनही येत असेल तर आधी चिठ्ठी बघा, कोड फोनवर उघडतो का बघा, आणि मग त्या सेकंदाचं टिपण काढून पुन्हा एका नव्या माणसासमोर ठेवा. व्हिडिओ नव्यानं चित्रित करायची वेळ या तिन्हीनंतर येते.